पाऊस थांबला म्हणजे मैदान तयार झालं असं नाही

अवकाळी आला, कुठला तरी मैदानावरचा संगीत महोत्सव पुढे गेला की माझ्याकडे तेच प्रश्न येतात. पंचवीसेक वर्षं मंडप आणि मैदानावरच्या वायरिंगची तपासणी करतोय, तरी दरवेळी पहिल्यापासून सुरुवात. असो.

काल दुपारपासून कडक ऊन आहे, तरी कार्यक्रम पुढे ढकलला. आयोजक घाबरट आहेत का?

नाही. तुम्ही आभाळाकडे बघताय, त्यांना खाली जमिनीकडे बघावं लागतं. पुणेकरांना आठवत असेल, २०१४ चा सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव ११ ते १४ डिसेंबरला रमणबागेत ठरला होता, ऐनवेळी अवकाळी आला आणि सगळा महोत्सव १ ते ४ जानेवारी २०१५ ला घ्यावा लागला. तेव्हाही लोक म्हणत होते की दोन दिवसांत सुकेल की. अहो, भारतीय बैठक म्हणजे हजारो माणसं खाली जमिनीवर बसणार, वर सतरंजी कोरडी दिसते, खाली चिखल तसाच. आणि ओल्या मातीत ठोकलेला खुंटा हातानं हलवून बघा एकदा, मग कळेल.

जुनं सीझन तिकीट नव्या तारखेला चालेल का?

आयोजकांना विचारा. तोपर्यंत फाडू नका.

डेकोरेटर म्हणतो मंडप शंभर टक्के वॉटरप्रूफ आहे, थोडे जास्त पैसे द्या. द्यावेत का?

वॉटरप्रूफ ताडपत्री असते हो, वॉटरप्रूफ मंडप हा विकायचा शब्द आहे. हिशोब सोपा आहे, १ मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला १ लिटर. १००० चौरस मीटरच्या छतावर २० मिलिमीटर पडला तर २०,००० लिटर, म्हणजे २० टन. हे पाणी उतारानं वाहून गेलं तर ठीक, नाहीतर मधे पोट धरून बसतं आणि ताडपत्री जितकी पक्की तितकं ते जास्त साठतं. वर वारा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, हे बिलात कुणी लिहीत नाही. त्याला विचारा, किती वाऱ्यासाठी बांधलाय आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचं सही असलेलं पत्र कुठाय. गप्प बसला तर समजा.

मोबाईल बंद ठेवले की मैदानात वीज पडत नाही, असा मेसेज आलाय. खरं का?

खोटं. मोबाईल वीज ओढत नाही. उलट चालू ठेवा आणि त्यात विजेचा इशारा देणारं 'दामिनी' ॲप घ्या, पुण्याच्याच आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं आहे. गडगडाट ऐकू आला की मैदान रिकामं, शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं परत यायचं नाही. आणि मंडप म्हणजे आडोसा नव्हे, पक्क्या इमारतीत जा.

आमच्या सोसायटीचा गाण्याचा कार्यक्रम पावसामुळे रविवारवर गेला. वायरिंग तेच आहे, एमसीबी लावलेत, परत तपासायची गरज आहे का?

आहे, आहे, आहे. ह्याच वाक्यानं मला रात्री झोप लागत नाही. एमसीबी म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच, तो वायर वाचवतो, माणूस वाचवत नाही. ३२ अँपिअरचा एमसीबी पडायला जेवढा करंट लागतो त्याच्या कितीतरी कमी करंट माणसातून गेला तरी खेळ संपतो. माणसासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो, म्हणजे करंट कुठं गळला की लगेच वीज तोडणारा स्विच, ज्याला आपल्याकडे सगळे ईएलसीबीच म्हणतात. आता बघा, दोन दिवस पावसात पडलेली केबल, तिचा जॉइंट काळ्या टेपनं गुंडाळलेला, तो सतरंजीखाली ओल्या मातीत, बाजूला लोखंडी ट्रस म्हणजे स्टेजचा सांगाडा, त्याला टेकून कुणाचं तरी पोर उभं. एका मंडळात मी गेलो तर ईएलसीबी चक्क डायरेक्ट केलेला, म्हणजे त्याला वगळून वायर सरळ जोडलेली, का तर म्हणे "साहेब सारखा ट्रिप होतो". अरे बाबा, तो ट्रिप होतोय म्हणजेच ओरडून सांगतोय की कुठंतरी गळतंय! तेव्हा प्रत्येक जॉइंट जमिनीपासून वर घ्या, भिजलेल्या केबलला मेगर मारून घ्या, म्हणजे तिचं इन्सुलेशन मीटरनं तपासून घ्या, जनरेटरचं आणि ट्रसचं अर्थिंग नव्यानं मोजून घ्या, ईएलसीबीवरचं टेस्टचं बटन रोज दाबा. आणि हे तुम्ही स्वतः करू नका, ओळखीचा पोरगाही नको, लायसन असलेला इलेक्ट्रिकल काँट्रॅक्टर बोलवा आणि त्याच्याकडून लेखी घ्या. खर्च वाचवायचा तर फुलांचा वाचवा.

तारीख बदलली, जुनी परवानगी चालेल ना?

नाही. परवानगी तारखेची असते, नव्यानं घ्या. आणि रात्री दहानंतर स्पीकर चालवायची सूट वर्षातल्या ठरावीक दिवसांनाच असते, जास्तीत जास्त १५, तुमचा नवा दिवस त्यात येतो का ते पोलीस ठाण्यात आधी विचारा, पत्रिका छापल्यावर नको.

दमट हवेत तबला उतरतो, काय करावं?

चामडं आहे, उतरणारच. पण हा माझा प्रांत नाही, तबलजींना विचारा.

पुढे ढकलायचा निर्णय किती आधी जाहीर करावा?

आदल्या दिवशी, उजेड असताना. सांगली-बेळगावहून माणसं रात्रीच्या गाडीनं निघतात. हवामान खात्याचा ऑरेंज अलर्ट आला तरी "संध्याकाळपर्यंत बघू" म्हणत बसणारे आयोजक मला अजिबात पटत नाहीत, कारण संध्याकाळी हजार लोक फाटकाशी उभे असतात आणि मग कुणाचीच नाही म्हणायची हिंमत होत नाही. तुमच्या मैदानाचं नेमकं काय ते तिथं येऊन बघितल्याशिवाय मी फोनवर सांगणार नाही, विचारूही नका.