कॅफीन नसलेल्या हर्बल एनर्जी ड्रिंकने खरंच तरतरी येते का?

तुम्ही लिहिलंय की दुपारी तीननंतर गळून जाता, चहा चार कपांवर गेलाय, म्हणून तो सोडून हर्बल एनर्जी ड्रिंकचा महिन्याचा डबा मागवायचा विचार आहे. मी असं ड्रिंक 35 दिवस घेतलं. तरतरी आली नाही. पण “गळून जाते” हे वाचल्यावर एवढ्यावर थांबवेना.

मी गोव्यातल्या फोंड्याची. वेर्ण्याला औषधांच्या कंपनीत पॅकिंगला आहे. फर्स्ट शिफ्टची बस पहाटे साडेपाचला. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत असं व्हायला लागलं की बस बोरीच्या पुलावर पोचायच्या आत माझा डोळा लागलेला असायचा, रात्री सात तास झोपूनसुद्धा. घरचा जिना चढताना मध्येच कठडा धरून उभी राहायची. चहा पाच कप. घरात सगळ्यांचं म्हणणं एकच, चहानं वाट लावली. जाऊबाई तर ठाम होत्या. “आम्ही काय कामं केली नाहीत? तुला दमायची सवयच लागलीय.” त्या तेव्हा ओळखीपाळखीत असल्या वस्तू विकायच्या. त्यांनीच 30 पुड्यांचा डबा आणून दिला, पैसे घेऊन.

अश्वगंधा, तुळस, शतावरी, जिनसेंग आणि आंब्याचा वास. बाटलीत कितीही हलवली तरी थोडी हिरवट पूड तळाच्या कडेला चिकटून राहायची आणि शेवटच्या घोटाला तीच जिभेवर यायची, कडवट, मातकट. दिवसभर औषधांच्या खोक्यांवरचं बारीक छापलेलं तपासायचं माझं काम, त्यामुळे पुडीची मागची बाजू आधी वाचली. 15 ग्रॅमच्या पुडीत 11 ग्रॅम साखर. म्हणजे दोन चमचे भरून.

चहा त्याच दिवशी बंद केला. दुसऱ्या दिवशी दुपारपासून डोकं असं ठणकायला लागलं की लाइनवरचा उजेड सहन होईना. जाऊबाई म्हणाल्या, “शरीरातलं विष बाहेर पडतंय.” विष वगैरे काही नसतं. आपण जागे असतो तेव्हा मेंदूत अॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं, त्यानं झोप येते. कॅफीन त्याच्या जागेवर जाऊन बसतं, म्हणून थकवा जाणवत नाही. रोजचं कॅफीन एकदम तोडलं की डोकं दुखतं, बहुतेकांचं आठवड्याभरात थांबतं. माझं सहाव्या दिवशी थांबलं. त्याचं श्रेय पुडीला गेलं, आणि खरं सांगते, पंधरा दिवस मीही ते मानलं. डोकं हलकं झालं म्हणजे बरं वाटतंय असा माझा समज झाला.

दुसरा डबा फोडला त्याच आठवड्यात, सकाळी दहाच्या सुमाराला, खोकी मोजताना समोरचे आकडे काळे पडले. खाली बसले ते उठताच येईना. कंपनीतल्या नर्सबाईंनी माझी खालची पापणी ओढून पाहिली आणि आधी विचारलं, “पाळीत किती दिवस जातं?” आठ दिवस, आणि खूप. माझ्या आईलाही तसंच जायचं, म्हणून मला त्यात वेगळं काही वाटलंच नव्हतं. रक्त तपासलं. हिमोग्लोबिन 8.2. बाईचं 12 च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांना तो होता. आपण सगळ्या मिळून त्याला “दमायची सवय” म्हणतो.

पाळीवर उपचार झाले, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. तीन महिन्यांनी 11.6. जिना एका दमात.

आणि त्या वर्षी चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, मूळ घरी माटोळीची (गणपतीवर टांगायच्या चौकटीची) फळं बांधत असताना जाऊबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, “माझ्या पुड्यांनी उभी केली हिला.” त्या मोठ्या, सणाचा दिवस, मी गप्प राहिले. आजही नात्यात त्या हेच सांगतात आणि ऐकून दोघीतिघींनी डबे घेतले. म्हणून इथे स्पष्ट लिहिते: 35 पुड्या पोटात गेल्यानंतरचा आकडा 8.2 होता. वाढला तो गोळ्यांनी.

चहाच्या बाबतीत मात्र त्यांचं अर्धं बरोबर होतं. जेवणाबरोबर घेतलेला चहा अन्नातलं लोह नीट अंगी लागू देत नाही. आता मी जेवणानंतर तासभर चहा घेत नाही, आणि तांबड्या भाजीवर लिंबू पिळते. दुपारी थंड काही हवंच असेल तर भिरंडाचं, म्हणजे कोकमाचं, सरबत करते, साखर आपल्या हातात राहते. उन्हाळ्यात सासूबाई नाचणीचं तिझान (पातळ पेज) करतात, ते पोटाला धरून राहतं.

तेव्हा डबा मागवण्याआधी सीबीसी (हिमोग्लोबिन कळतं ती रक्ताची तपासणी) करा, जमलं तर थायरॉइड आणि रक्तातली साखरही. सगळं ठीक आलं आणि चहानं छातीत धडधड होत असेल किंवा झोप उडत असेल, तर खुशाल घ्या. अश्वगंधेनं काहींना झोप बरी लागते, पण त्याला आठवडे जातात. दुपारी तीनला प्यायली आणि सव्वातीनला ताजी झाले असं होत नाही. थायरॉइडच्या गोळ्या चालू असतील किंवा दिवस गेले असतील तर अश्वगंधा नको. ज्येष्ठमध असेल आणि रक्तदाब असेल तर तेही नको. आणि यादीत “ग्वाराना” दिसलं तर त्यात कॅफीन आहेच, पुढच्या बाजूला हर्बल लिहिलेलं असलं तरी.

चहा एकदम तोडू नका, दोन-तीन दिवसांनी एकेक कप कमी करा. रिपोर्ट आला की आकडा इथेच लिहा, मी बघते.