विरोधी मतामुळे सैनिक चिलखताविना राहिले का?

प्रश्न : 2003 मध्ये इराक आणि अफगाणिस्तानातल्या युद्धांसाठी बुश सरकारने मागितलेल्या 87 अब्ज डॉलरविरुद्ध सिनेटर जॉन केरी (2004 च्या अध्यक्षीय निवडणुकीतले बुश यांचे प्रतिस्पर्धी) यांनी मत दिले. त्यामुळे अमेरिकी सैनिकांना चिलखते मिळाली नाहीत, हे खरे का?

उत्तर : नाही. 17 ऑक्टोबर 2003 रोजी सिनेटने ते विधेयक 87 विरुद्ध 12 मतांनी संमत केले. पैसा कुठेच अडला नाही. केरींचा आग्रह होता, की हा खर्च श्रीमंतांची करसवलत कमी करून भागवावा. ती दुरुस्ती फेटाळली गेली, तेव्हा त्यांनी विरोधात मत दिले. उलट, पुनर्बांधणीचा काही पैसा इराकला कर्जाऊ दिल्यास याच विधेयकावर नकाराधिकार वापरू, असा इशारा खुद्द बुश सरकारनेही दिला होता. निवडणुकीच्या प्रचारात हे मात्र कोणी सांगत नसे!

चिलखतांची टंचाई मुळात मार्च 2003 मध्ये इराकयुद्ध सुरू झाले तेव्हापासूनची. तेव्हाच्या नव्या ‘इंटरसेप्टर’ चिलखतातले कापडी जॅकेट पिस्तुलाची गोळी आणि बॉम्बचे तुकडे अडवत असे. रायफलची गोळी अडवायला पुढे-मागे सिरॅमिकची एकेक प्लेट खोचावी लागे. एक प्लेट सुमारे 1.8 किलोची, सगळे मिळून साडेसात किलोच्या आसपास. या प्लेटा आधी आघाडीच्या पायदळाला दिल्या. पण इराकमध्ये आघाडी अशी उरलीच नव्हती. रसद नेणाऱ्या ट्रकचालकावरही हल्ले होत. कारखान्यांचा वेग मात्र तोकडा होता. सैनिकांच्या घरच्यांनी पदरमोड करून चिलखते पाठवली. त्या खर्चाची भरपाई देणारा कायदा ऑक्टोबर 2004 मध्ये झाला, प्रत्येक वस्तूमागे कमाल 1,100 डॉलर. फारच उशिरा.