भावाच्या गाठीच्या ब्लॉकवर एमएमआर तपासणी करून घ्या

ताई, चौतिसाव्या वर्षी भावाला मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला, तो फॉर्मेलिन हे रसायन लावलेल्या मासळीनं झाला का, असं तुम्ही विचारलंय. एकाच्या कॅन्सरचं खापर एका पदार्थावर फोडता येत नाही. गोव्यातल्या मासळीत फॉर्मेलिन असल्याची २०१८ ची ती बातमी आठवून वहिनींनी स्वतःला दोष देऊ नये.

मला जास्त महत्त्वाचं वाटलं ते तुम्ही जाता जाता लिहिलेलं: आईला गर्भाशयाचा कॅन्सर होता. आपल्याकडे तो ‘वेगळा’ समजून सोडून देतात. पण लिंच सिंड्रोम या आनुवंशिक दोषात हे दोन्ही एकाच घरात दिसतात. पेशी दुभंगताना डीएनएत राहिलेल्या चुका दुरुस्त करणारं एक जनुक (एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६ किंवा पीएमएस२) जन्मतःच बिघडलेलं असतं. ओहायोत पन्नाशीच्या आतल्या ४५० रुग्णांची जनुकं तपासली, तेव्हा १६ टक्क्यांमध्ये लिंचचा किंवा दुसरा काही ना काही कॅन्सरचा धोका वाढवणारा आनुवंशिक बदल सापडला.

म्हणून भावाच्या गाठीच्या ब्लॉकवर एमएमआर (मिसमॅच रिपेअर, म्हणजे डीएनएच्या चुकांची दुरुस्ती) तपासणी झाली का, ते आधी विचारा. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा. पॅथॉलॉजी लॅब तो जपून ठेवते. या चार जनुकांची प्रथिनं त्यात आहेत का, ते रंग चढवून बघतात. रिपोर्टात एखाद्यापुढे ‘लॉस’ (ते प्रथिन गायब) लिहिलं असेल, तर पुढच्या जनुक तपासणीबद्दल बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा तुमच्या ऑन्कोलॉजिस्टना विचारा. हे भावासाठीही हवं, कारण अशा गाठींवर इम्युनोथेरपी (शरीराची प्रतिकारशक्ती जागी करणारी औषधं) चांगली चालते. त्याच्यात बदल सापडलाच, तर तुमच्यात तो असण्याची शक्यता निम्मी, आणि तुमच्या रक्तात तेवढाच शोधायचा असतो.

बाकीच्या तरुण रुग्णांचं काय? २०२५ मध्ये संशोधक लुडमिल अलेक्झांड्रोव्ह यांच्या गटानं ११ देशांतल्या मोठ्या आतड्याच्या ९८१ गाठींचे जीनोम (सगळा डीएनए) वाचले. आतड्यातल्या ई. कोलाय जिवाणूच्या काही जाती कोलिबॅक्टिन नावाचं विष बनवतात. त्याच्या डीएनएवरच्या खुणा चाळिशीच्या आतल्यांत सत्तरीपुढच्यांपेक्षा ३.३ पट जास्त दिसल्या. त्या बहुधा वयाच्या पहिल्या दहा वर्षांत उमटतात, असा त्यांचा अंदाज आहे. म्हणजे नजर कालपरवाच्या जेवणाकडून बालपणाकडे वळलीय. मला हे काम फार मोलाचं वाटतं, पण आज तुमचा निर्णय त्यावर अडत नाही.

भावात असा बदल सापडला नाही तरी, सख्ख्या भावंडांची कोलोनोस्कोपी (दुर्बिणीनं मोठ्या आतड्याची तपासणी) चाळिसाव्या वर्षी किंवा रुग्णाच्या वयाच्या दहा वर्षं आधी, जे आधी येईल तेव्हा सुरू करतात. तुमच्या बाबतीत ते वय चोवीस, आणि ते तुम्ही ओलांडलंय. तेव्हा याच महिन्यात गॅस्ट्रोच्या डॉक्टरांना भेटा, आईचे जुने कागद घेऊन जा. शौचावाटे रक्त जात असेल तर मूळव्याध समजून घरी मलम लावत बसू नका.