ऑनलाइन जुनी गाडी घेताना फसवणूक कशी ओळखायची? मालक सैन्यात आहे म्हणतोय आणि २१,००० टोकन मागतोय

तुमच्या प्रश्नाचं उत्तर दोन शब्दांत संपतं: पाठवू नका.

२०१७ ची स्विफ्ट, सिंगल ओनर, किंमत २ लाख १० हजार, मालक जवान, अचानक बदली, गाडी विमानतळाच्या पार्किंगमध्ये आणि आर्मीची माणसं घरपोच आणून देणार. ही जाहिरात वर्षानुवर्षं चालू आहे, गाडीचा रंग तेवढा बदलतो. जवानाची खासगी गाडी गिऱ्हाइकाच्या दारात पोचवणारं कुठलंही खातं सैन्यात नाही. ओळखपत्र आणि कँटीन कार्डाचे फोटो तो न मागता पाठवतो. ते बहुतेक वेळा कुठल्यातरी खऱ्या जवानाचे, कुठूनतरी चोरलेले असतात. २१,००० गेले की ट्रान्सपोर्टचे मागेल, मग जीएसटीचे, मग गेटपासचे, आणि प्रत्येक रकमेला 'रिफंडेबल' म्हणेल. शेवटी रिफंडसाठी क्यूआर पाठवून पिन टाकायला लावेल. पैसे घ्यायला पिन लागत नाही हे शेंबडं पोरही सांगेल, पण तीन हप्ते गेलेले असले की माणूस बुडालेलं काढायच्या नादात पिनही टाकतो.

लिहायला बसलो ते वेगळ्याच कारणाने. तुमच्या प्रश्नाखाली चार-पाच जणांनी लिहिलंय, "गाडी डोळ्यांनी बघा, मूळ आरसी हातात घ्या, मेकॅनिक न्या, मगच पैसे द्या, म्हणजे फसत नाही." मी एजंट म्हणून आरटीओची कामं करतो आणि हा सल्ला ऐकला की माझं डोकं फिरतं. जवानवाल्या भामट्यापासून तो वाचवतो, हे खरं. त्याच्यापेक्षा हुशार जो आहे, तो तुम्हाला गाडी दाखवूनच फसवतो.

एक व्यवहार सांगतो, विकणारा आणि घेणारा दोघांचेही चॅट वाचलेत म्हणून बारकाव्यासकट.

चिंचवडच्या एका गृहस्थांनी स्वतःची २०१८ ची वॅगन आर ॲपवर विकायला टाकली, ३ लाख ६० हजार. गाडी खरी, माणूस खरा. भामट्याने त्यांचेच फोटो उचलून दुसऱ्या नावाने तीच गाडी टाकली, २ लाख ८५ हजार. या दुसऱ्या जाहिरातीला साताऱ्याकडचा एक दुकानदार लागला. २ लाख ७० हजारांवर ठरलं.

आता भामट्याने दोघांना काय सांगितलं ते बघा, सगळी कारागिरी तिथेच आहे. मालकाला: "माझ्या कारखान्यातल्या सुपरवायझरसाठी गाडी घेतोय, पगारातून कापणार आहे. तो बघायला येईल. त्याच्याशी किमतीचं बोलू नका, त्याला मी वेगळा आकडा सांगितलाय. तुम्हाला ३,६० पूर्ण देतो." गिऱ्हाईक घासाघीस करत नाही म्हटल्यावर मालक खूश. दुकानदाराला: "गाडी माझ्या साडूच्या नावावर आहे. तो मला पैसे देणं लागतो, म्हणून गाडी विकून वसूल करतोय. त्याच्यापुढे पैशाचा विषय काढलात तर तो बिथरेल, व्यवहार मोडेल." दोन्ही गोष्टी घरातल्या भानगडीसारख्या वाटतात, आणि दुसऱ्याच्या घरच्या भानगडीत नाक खुपसायला आपल्याकडे भल्या माणसाला लाज वाटते.

रविवारी दुपारी दुकानदार मेकॅनिकला घेऊन चिंचवडला आला. मेकॅनिकने ऑइल बघितलं, गाडी पळवून बघितली. मूळ आरसी बघितली, चेसिस नंबर जुळवला, एम-परिवहन या सरकारी ॲपवर गाडी तपासली. तिथे मालकाचं नाव अर्धं फुल्या मारलेलं दिसतं, पण दिसलं तेवढं जुळलं. म्हणजे वरच्या उत्तरांमधली एकूण एक परीक्षा पास. मग दुकानदाराला भामट्याचा फोन. त्याने तो मालकाला द्यायला लावला आणि तिकडून म्हणाला, "तो विचारेल गाडी द्यायची ना, फक्त हो म्हणा." मालक हो म्हणाले. दुकानदाराने तिथेच उभं राहून २ लाख ७० हजार आयएमपीएसने भामट्याने दिलेल्या खात्यात टाकले. आयएमपीएस निवडायचं कारणही साधं आहे: पाच लाखांपर्यंत रक्कम जाते, ती तत्काळ जमा होते आणि मागे घेता येत नाही.

त्याच वेळी मालकांच्या व्हॉट्सॲपवर एनईएफटीचा स्क्रीनशॉट आला, ३ लाख ६० हजारांचा. सोबत मेसेज: "रविवार आहे, उद्या बँक उघडली की जमा होतील, किल्ली देऊन टाका." हे धादांत खोटं. १६ डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी रविवारी-सुट्टीलाही चोवीस तास चालतं, दर अर्ध्या तासाने. आरटीजीएसही डिसेंबर २०२० पासून तसंच. रविवारचं कारण सांगणारा माणूस भामटाच असतो असं नाही, पण किल्ली देण्याइतका खरा तो नक्की नाही. चिंचवडकरांनी किल्ली दिली नाही, एवढं त्यांचं नशीब.

पुढचा तासभर दोघं एकमेकांना चोर ठरवत होते. "पैसे घेतले आणि गाडी देत नाही", "कसले पैसे, मला दमडी आली नाही". भामट्याचा फोन बंद. खातं कुठल्यातरी तिसऱ्याच राज्यातल्या, भाड्याने खातं दिलेल्या माणसाचं.

ही फसवणूक मोडायला ना मेकॅनिक लागतो ना ॲप. गाडीपाशी उभं राहून, फोन खिशात घालून, समोरच्याला एक प्रश्न विचारायचा: "दादा, गाडी कितीला देताय आणि पैसे कोणाच्या खात्यात घेणार?" ३,६० असं उत्तर आलं असतं आणि खेळ तिथेच संपला असता. भामट्याचं सगळं भांडवल एकच, ते दोघं पैशाबद्दल एकमेकांशी बोलणार नाहीत. म्हणून "त्याच्याशी किमतीचं बोलू नका" असं कोणीही, कुठल्याही कारणाने म्हटलं, की व्यवहार सोडा.

एक नियम मात्र पाठ करा. आरसीवरचं नाव, समोर उभा असलेला माणूस आणि बँक खात्याचं नाव, तिन्ही एक. आधी यूपीआयने १ रुपया पाठवा, बँकेत नोंदलेलं नाव तिथे दिसतं. यूपीआयची दिवसाची मर्यादा साधारण १ लाख, त्यामुळे मोठी रक्कम आरटीजीएसने जाते (किमान २ लाख). पूर्वी आरटीजीएसमध्ये फक्त खातेनंबर बघितला जायचा, नावाशी ताळा नव्हता. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ पासून बँकांना पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दाखवायला लावलं आहे, ते दिसल्याशिवाय पुढचं बटण दाबू नका. रोख देणार असाल तर २ लाख किंवा जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही, दंड घेणाऱ्याला होतो. मालक खरा असला तर तोच नको म्हणेल.

मालक खरा आहे का, याची माझी आवडती परीक्षा: त्याला त्याच्या फोनवर डिजिलॉकर उघडून आरसी दाखवायला सांगा. फोटो किंवा पीडीएफ नाही, तुमच्यासमोर उघडलेलं. ते आधारशी जोडलेलं असतं. दुसरी, परिवहनच्या साइटवर ट्रान्सफरचा अर्ज तिथेच बसून सुरू करा. ओटीपी गाडीच्या नोंदीत असलेल्या मोबाइलवर येतो. तो मोबाइल समोरच्याच्या खिशात वाजला तर बरं. "तो नंबर बंद झालाय" म्हणाला, तर आधी नंबर अपडेट करून घे म्हणावं, टोकन नंतर.

आता कर्ज. परिवहनवर फायनान्सरचं नाव दिसत असेल तर गाडीवर बोजा आहे, मग विकणारा काहीही म्हणो. "हप्ते संपलेत, एनओसी घरी आहे" याला अर्थ नाही. बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हवा, आणि एनओसी तीन महिन्यांत वापरली नाही तर परत आणावी लागते. हप्ते बाकी असतील तर विकणाऱ्याकडून फोरक्लोजर लेटर (कर्ज मिटवायला किती भरायचे ते सांगणारं बँकेचं पत्र) घ्या, त्यातली रक्कम थेट कर्जखात्यात भरा आणि उरलेली मालकाच्या खात्यात. "मला द्या, मी बँकेत भरतो" म्हणणारा कदाचित भरेलही, पण तुमच्या पैशावर हा प्रयोग कशाला?

गाडीच्या लोखंडाबद्दल थोडंच सांगतो, कारण मेकॅनिक बाकीचं बघेल. चेसिस नंबर १७ अक्षरी असतो आणि त्यात आय, ओ, क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात. मारुतीचा एमए३ ने सुरू होतो, ह्युंदाईचा एमएएलने, टाटाचा एमएटीने. स्टिकरवरचा नव्हे, पत्र्यावर ठोकलेला नंबर बघा. मॉडेलप्रमाणे तो बॉनेटखाली फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर) असतो किंवा पुढच्या सीटखाली कार्पेटच्या झडपेत. त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासा, चेसिस प्रिंट घेतो तशी. एखादा आकडा तिरका, आजूबाजूला ग्राइंडरच्या रेघा, पत्र्याच्या तुकड्याभोवती वेल्डिंग किंवा तेवढ्याच भागावर ताजा रंग, यातलं काही दिसलं तर गाडी कितीही चकचकीत असो, निघून या. टोटल लॉस झालेल्या, म्हणजे दुरुस्तीपलीकडे गेलेल्या गाडीची कागदपत्रं भंगारासोबत विकत घ्यायची आणि त्याच मॉडेलच्या चोरीच्या गाडीवर तो नंबर ठोकायचा, हा धंदा जुना आहे. कागद अस्सल असतात, म्हणूनच ॲपवर सगळं हिरवं दिसतं.

पुराच्या गाड्यांचं तसंच. २०१९ चा सांगली-कोल्हापूरचा पूर आणि २०२१ चा चिपळूण-महाडचा, यांत बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून दुसऱ्या जिल्ह्यांत विकल्या गेल्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. वरचा भाग सगळे धुतात, गुंडाळीतल्या शेवटच्या फूटभर पट्ट्यावर चिखलाची रेघ राहते. टायरवरचा चार आकडी कोडही वाचा. '२३१९' म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. मीटरवर २८,००० आणि चारही टायर गाडीच्या जन्मानंतर तीन वर्षांनी बनलेले, तर मीटर मागे फिरवलाय का ते अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या नोंदीतून काढा.

दिल्लीहून आलेली स्वस्त डिझेल गाडी दाखवली तर तिचं वय मोजा. तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेलला न्यायालयाने बंदी घातल्यावर अशा गाड्या इकडे ढकलल्या गेल्या. फॉर्म २८ ची एनओसी (तिकडच्या आरटीओचं ना हरकत पत्र) आणि इथला टॅक्स धरून हिशेब करा, बहुतेकदा स्वस्ताई उरत नाही.

'तिन्ही नावं एक' या नियमाला अपवाद आहेत, आधीच सांगायला हवे होते. मालक वारला असेल तर वारसाने आधी फॉर्म ३१ वर गाडी स्वतःच्या नावावर करावी, मग विकावी. कंपनीच्या नावावर असेल तर अधिकारपत्र आणि पैसे कंपनीच्याच खात्यात. डीलरकडून घेत असाल तर १ एप्रिल २०२३ पासून डीलरला आरटीओचं प्राधिकारपत्र लागतं आणि मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याचा फॉर्म २९सी भरलेला असतो. तो दाखवला, तर पैसे डीलरच्या खात्यात जाणं बरोबर.

पैसे गेलेच असतील तर पहिल्या तासाभरात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करून यूटीआर नंबर (बँकेच्या व्यवहाराचा क्रमांक) सांगा. साताऱ्याच्या दुकानदाराने दुसऱ्या दिवशी केला, तोवर खातं रिकामं होतं.

आणि ज्यांनी खाली लिहिलंय "एजंटला पैसे कशाला घालायचे", त्यांच्यासाठी. या दुकानदाराने आठवडाभर आधी ट्रान्सफरचा खर्च विचारायला फोन केला होता. माझे २,५०० त्याला जास्त वाटले. मी काही जादू करणार नव्हतो. दोघांना समोर बसवून ट्रान्सफरच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेतो आणि डिलिव्हरी नोटवर रक्कम, खातेनंबर, तारीख-वेळ मोठ्याने वाचून लिहितो. मोठ्याने वाचलं की २,७० आणि ३,६० टेबलावर एकमेकांसमोर येतात. आमच्यातही नग आहेत, नाकारत नाही. कोरे २९-३० सही करून ठेवून घेणारा आणि "ट्रान्सफर नंतर करू" म्हणणारा एजंट दिसला तर उठून जा. विकणाऱ्यांनी तर जास्तच जपावं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, अपघाताची भरपाई त्याच्या गळ्यात, गाडी चार हात पुढे गेलेली असली तरी. तुम्ही घेतलीत तर विमाही चौदा दिवसांत नावावर करून घ्या. नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो विकणाऱ्याचा.

आता तुमचा तो जवान. त्याला आज एवढंच लिहा: "आरसीवर ज्याचं नाव आहे त्याच्या यूपीआयवर १ रुपया पाठवून नाव बघतो, मग पुढचं." बायकोचं, सुभेदार साहेबांचं किंवा ट्रान्सपोर्टवाल्याचं खातं आलं, तर इथे कमेंटमध्ये टाका. कुठलं आलं ते बघायचंय मला.