हा नियम बक्षीस कशाला देतो?

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज रात्री साडेअकराला आला. मी तो तीनदा वाचला. डंजन्स अँड ड्रॅगन्स, आपलं डी अँड डी, फासे टाकत गोष्ट रचायचा तो खेळ: सहा जणांचं टेबल, दीड वर्षं जमलेलं कॅम्पेन, म्हणजे सलग चाललेली एकच गोष्ट, आणि आता नियमांची २०२४ची नवी पुस्तकं घ्यायची की २०१४चीच चालू ठेवायची यावरून दोन तट. एक जण म्हणतो, पात्राच्या वंशाला ‘रेस’ म्हणायचे ते जाऊन ‘स्पीशीज’ आलं, अर्धा माणूस आणि अर्धा एल्फ असा तो हाफ-एल्फ गेला, परंपरा बुडाली. दुसरी म्हणते, जुन्याला कवटाळून बसणाऱ्यांबरोबर मला खेळायचंच नाही. तू मतदान घ्यायला निघाला आहेस. आणि शेवटी मला विचारलंस, ‘मावशी, खरं डी अँड डी कुठलं?’

हा प्रश्न टाकून दे. हाच प्रश्न मी २००८ साली विचारला होता आणि त्यापायी एक चांगला मुलगा टेबलावरून उठून गेला. ते पुढे सांगते. तुला विचारायचा प्रश्न दुसराच आहे आणि तो प्रत्येक नियमाला वेगळा विचारायचा: हा नियम टेबलावर बक्षीस कशाला देतो? त्याचं नाव काय, तो कुठल्या साली आला, मुखपृष्ठावर चित्र कोणाचं, हे सगळं नंतर.

मी १९८६ साली शिकायला मिनियापोलिसला गेले. डेव्ह आर्नेसननं ब्लॅकमूर हा आपला कल्पित जगातला खेळ मिनियापोलिस-सेंट पॉल या जुळ्या शहरांतच चालवला होता, आणि शेजारच्या विस्कॉन्सिनमधल्या गॅरी गायगॅक्सबरोबर मिळून १९७४ साली त्यातून पहिल्या डी अँड डीची, तीन छोट्या पुस्तिकांची पेटी निघाली, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. हॉस्टेलच्या तळघरात शुक्रवारी पाच-सहा जण फासे घेऊन बसतात एवढंच कळलं होतं, आणि बाहेरच्या त्या थंडीत दुसरीकडे कुठे जाणार? त्यांच्याकडे १९८१चं बेसिक, म्हणजे नवशिक्यांसाठीचं नियमपुस्तक, होतं. फाशांवरचे आकडे कोरलेले, पण बिनरंगाचे. रंगखडू घासून ते भरायचे. माझा हिरवा वीसबाजू फासा अजून आहे.

त्या पुस्तकात फायटरला, म्हणजे लढवय्या पात्राला, दुसऱ्या लेव्हलला जायला २००० एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण, लागत. एक गॉब्लिन, म्हणजे छोटा राक्षस, मारला की मिळत ५, आणि तेही सगळ्यांत वाटून. म्हणजे माणशी चारशे गॉब्लिन. उलट गुहेतून जिवंत बाहेर आणलेल्या सोन्याच्या प्रत्येक नाण्याला १ एक्सपी. आता तूच सांग, शहाणा माणूस काय करेल? तलवार उपसेल? हिटपॉइंट, म्हणजे जिवाचे गुण, शून्यावर आले की कॅरेक्टर मेलं, तिथे कोण उपसतो! आम्ही गॉब्लिनांना लाच द्यायचो, ओगरला खोटं बोलून चकवायचो, मागच्या दारानं शिरायचो. गाठ पडली की डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, दोन फासे टाकून त्यांचा मूड ठरवायचा, त्यामुळे समोरचा चालून येईलच असं नसे. आणि सोन्याला वजन होतं: दहा नाण्यांचा एक पौंड. ओझं वाढलं की दहा मिनिटांत १२० फूट जाणारा माणूस ३० फुटांवर यायचा. मशाल एक तास पुरायची. दर वीस मिनिटांनी डीएम सहाबाजू टाकायचा, १ आला की काळोखातून काहीतरी यायचं, आणि त्याच्याजवळ सोनं बहुधा नसायचं. जितकं सोनं उचलाल तितकी चाल मंद, जितकी चाल मंद तितक्या मशाली जास्त, जितका वेळ जास्त तितके ते फासे जास्त. ‘अजून एक खोली बघू की निघू?’ या एका प्रश्नावर आमची रात्र जायची. पाच जण श्वास रोखून मशाली मोजतायत, हे मी पाहिलंय. ते सगळं एका ओळीच्या नियमावर उभं होतं.

आणि ती ओळ गेली. १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत ती ऐच्छिक झाली. २००० साली तिसरी आली त्यात सोन्याचा एक्सपी उरलाच नाही. आव्हानाला सामोरं जाण्याचा एक्सपी, म्हणजे बहुतेक टेबलांवर मारण्याचा. तुझ्या २०१४च्या पुस्तकात दुसऱ्या लेव्हलला ३०० लागतात आणि गॉब्लिनचे मिळतात ५०. माणशी सहा! मग गॉब्लिनशी बोलेल कोण? तू मागे तक्रार केली होतीस ना, की तुझे प्लेयर दिसेल त्यावर तुटून पडतात? त्यांचा दोष नाही. नियम त्यांना सांगतोय की तुटून पडा. ओझ्याचा नियम नावाला राहिला, उजेडाचा मंत्र फुकट झाला, मशाली मोजणं म्हणजे कारकुनी वाटायला लागली आणि लोकांनी ती सोडली. बरोबरच केलं. ज्याच्यासाठी मोजायचं तेच गेलं होतं.

गंमत बघ, या बदलावर आरडाओरडा झालेला मला आठवत नाही. आमच्या टेबलावर भांडणं झाली ती थॅकोवरून, म्हणजे घाव लागायला फाशावर किती हवेत ते काढायच्या जुन्या आकड्यावरून. थॅको १८ आणि समोरच्याचं चिलखत ३, तर वजाबाकी करून १५ हवेत. तिसऱ्या आवृत्तीत तेच चिलखत १७ झालं, तुझी बेरीज अधिक २, तरी फाशावर हवेत १५च. शक्यता तीच, घाव तोच, फक्त गणिताची दिशा उलटी. त्यावरून दोन मित्र महिनाभर बोलले नाहीत. बक्षीस काडीचंही बदललं नव्हतं.

आपल्याकडे मेंढीकोट खेळताना कधी बघितलंस का? हुकूम बंद ठेवायचा की कापून काढायचा, यावर घराघरात वेगळा कायदा. माझ्या सासरी एक, माहेरी दुसरा, आणि दोन्ही घरं शपथेवर सांगणार की आमचाच खरा. भांडा खुशाल. पण दश्श्या धरायच्या हे काढून टाकलं तर उरलेल्या खेळाला मेंढीकोट का म्हणायचं? परंपरा दश्शीत असते. हुकूम कसा उघडायचा त्यात नसते.

म्हणून जुनं ते सगळं राखावं असं मी म्हणत नाहीये, आणि तुझ्या त्या हाफ-एल्फवाल्या मित्रानं माझं नाव पुढे करून तसं म्हणू नये. १९७८च्या प्लेयर्स हँडबुकमध्ये नियम होता की माणसातल्या पुरुष फायटरची ताकद १८/०० पर्यंत जाऊ शकते, बाईची १८/५० पर्यंतच (१८ आले की पुढे शंभरातला आकडा टाकायचा, ०० म्हणजे १००). मी दुसऱ्या एका टेबलावर फायटर बनवत होते. १८ आले. सगळे ओरडले. मग शतमान फासे टाकले, ८३ आले. डीएमनं शांतपणे पान उघडून दाखवलं आणि म्हणाला, ५० लिही. लागण्यातला एक गेला, घावातला एक गेला. टेबलावर मी एकटी मुलगी होते. मी ५० लिहिलं. आज चाळीस वर्षं होत आली, ते मी का लिहिलं याचा मला अजून राग आहे. पुस्तकावर कमी, माझ्यावर जास्त. त्या नियमाला विचार: तू बक्षीस कशाला देतोस? कशालाच नाही. त्यानं कोणी हुशारीनं खेळलं नाही, कोणी धाडस केलं नाही, कोणी मशाली मोजल्या नाहीत. १९८९ साली तो काढला. मी पेढे वाटायला हवे होते.

त्याच १९८९च्या आवृत्तीत बाहेरच्या लोकांच्या ओरड्याला भिऊन डीमन आणि डेव्हिल यांची नावं बदलली, असॅसिन (मारेकरी) आणि हाफ-ऑर्क (अर्धा माणूस, अर्धा ऑर्क राक्षस) उडवले. एकाच पुस्तकात एक न्याय आणि एक भित्रेपणा. आवृत्तीला अख्खी चांगली किंवा अख्खी वाईट म्हणणाऱ्याचं मी ऐकत नाही ते यामुळे. नियम एकेक करून बघावा लागतो. कंटाळवाणं आहे, पण तू डीएम आहेस, हे तुझंच काम आहे.

आता २००८.

तोवर मी पुण्यात परतून पंधरा वर्षं झाली होती. माझ्या घरी रविवारी टेबल भरायचं, बहुतेक नोकरीला नुकती लागलेली मुलं. त्यातल्या एकानं, सगळ्यांत शांत मुलानं, चौथी आवृत्ती मागवली, दोन महिने तयारी केली, नकाशे काढले, आणि म्हणाला की पुढचे चार रविवार मी चालवू का? मी पुस्तक दोन संध्याकाळी चाळलं. सगळ्यांना ठरावीक पॉवर्स, प्रत्येक लढाई चौकटींवर. आणि भर टेबलावर म्हणाले, ‘हे डी अँड डी नाही.’ तो काही बोलला नाही. नकाशे गुंडाळले. पुढच्या रविवारी आला नाही, नंतरही नाही.

सहा-सात वर्षांनी मुंबईत एका घरी मी चौथी आवृत्ती पहिल्यांदा प्रत्यक्ष खेळले. मला फायटर दिला. त्यात फायटरनं वार केला की, तो लागो वा चुको, समोरचा ‘मार्क’ होऊ शकतो. त्यानं फायटरला सोडून दुसऱ्यावर हात उचलला तर त्याला उणे २, आणि वर फायटर त्याला फटका देऊ शकतो. नियम कशाला बक्षीस देतो? मित्र आणि शत्रू यांच्यामध्ये उभं राहण्याला. तीस वर्षं मी फायटर खेळत होते आणि आमच्या जादूगाराला वाचवायला मला नियमानं कधी इतका हात दिला नव्हता. जादूगार चार हिटपॉइंटांचा, मागे थरथरत उभा, आणि आम्ही तोंडानं म्हणायचो ‘मी त्याच्यापुढे उभी राहते’. इथे उभं राहणं हेच काम होतं. त्या रात्री घरी येताना मला तो मुलगा आठवला. त्याला हे माहीत होतं. तो तेच दाखवायला आला होता. मी त्याला पत्र लिहिलं, त्यानं सभ्य उत्तर दिलं, ‘आता खेळत नाही, मॅडम.’

तरी एक सांगते, माझं सगळंच चुकलं नव्हतं. चौथ्या आवृत्तीत एक लढाई दोन तास खाते आणि मशालीची ती रात्र तिथे मिळत नाही. हे मी आजही म्हणेन. मी १९८१चंच चालवते आणि चालवत राहीन. मला हट्टी म्हणणाऱ्यांनी माझ्या टेबलावर एकदा बसून बघावं. पण खेळून मग म्हणणं आणि चाळून म्हणणं यात एका माणसाचा फरक पडतो. मी तो माणूस घालवला.

तुझ्या दोन पुस्तकांकडे ये. ‘स्पीशीज’ या शब्दाला विचार, बक्षीस कशाला देतोस? कशालाच नाही. मग त्यावर एक मिनिटही भांडू नकोस. पण त्याच पानांत दुसरा बदल आहे ज्याबद्दल तुमच्यापैकी कोणी चकार शब्द काढला नाही. २०१४मध्ये ताकदीचे अधिक २ हाफ-ऑर्कला मिळायचे, म्हणून लोक बार्बेरियनला, म्हणजे रानटी योद्ध्याला, हाफ-ऑर्क करायचे. २०२४मध्ये ती वाढ बॅकग्राउंडला, म्हणजे पात्राच्या आधीच्या आयुष्याला, दिली: सैनिकाला ताकद, चपळाई, काटकपणा यांतून, सेजला, म्हणजे विद्वानाला, काटकपणा, बुद्धी, शहाणपण यांतून. आता एल्फ, बुटका, ऑर्क कोणीही बार्बेरियन व्हावा, छान. पण तुझ्या टेबलावर येणारा प्रत्येक जादूगार आता सेज होऊन येईल, शेतकऱ्याचा पोर जादूगार झाला ही गोष्ट महाग पडेल. बक्षीस एका खोलीतून उचलून दुसऱ्या खोलीत ठेवलंय. हे चालेल का तुम्हाला? यावर बोला. पूर्ण संध्याकाळ बोला.

आणि जुनी पुस्तकं ‘मरतील’ ही भीती सोड. तिसऱ्या आवृत्तीबरोबर जो खुला परवाना आला, म्हणजे हे नियम इतरांनीही वापरून आपलं पुस्तक काढायची मुभा, त्याच्याच आधारावर २००६ साली जुन्या एडी अँड डीचे, म्हणजे ॲडव्हान्स्ड डी अँड डीचे, नियम ओस्रिक म्हणून पुन्हा लिहिले गेले, आणि चौथी न पटलेल्यांसाठी २००९ साली पाथफाइंडर हा वेगळा खेळ आला. ज्या आवृत्तीला आम्ही जुनी माणसं शिव्या देत होतो तिनंच आमचा खेळ वाचवला, हे मला मान्य करायला वेळ लागला. जानेवारी २०२३ मध्ये त्या परवान्याला हात लावायचा प्रयत्न झाला, लोक खवळले, आणि शेवटी पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्स या सगळ्यांना खुल्या परवान्याखाली आले. ते आता कोणी परत घेऊ शकत नाही.

तेव्हा मतदान रद्द कर. मतदानात हरलेला माणूस टेबलावर बसला तरी खेळत नाही. पुढचे दोन शनिवार नव्या पुस्तकानं खेळा, आणि एका वहीत फक्त एवढं लिही: आज लोकांनी काय केलं जे गेल्या महिन्यात करत नव्हते? काय करायचं सोडलं? मतं लिहू नकोस, केलेलं लिही. वाटलं तर तिसऱ्या शनिवारी सोन्याला एक्सपी देऊन बघ, एकदाच, आणि गॉब्लिनांशी कोण बोलायला जातं ते मला कळव. वही घेऊन माझ्याकडे ये, आपण पानापानानं बघू.

आणि तो हाफ-एल्फवाला मुलगा. त्याचं कॅरेक्टर २०१४च्या पुस्तकातून आहे तसं चालू दे, नवी पुस्तकंही जुन्या कॅरेक्टरला घालवून देत नाहीत. हे त्याला आज सांग, शनिवारची वाट बघू नकोस. मेसेज करू नकोस, फोन कर.

तुझी,
मावशी