जुन्या गाडीचा ऑक्सिजन सेन्सर बदलण्याआधी

चेक इंजिनचा दिवा लागला म्हणून लगेच नवा ऑक्सिजन सेन्सर, म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरातला ऑक्सिजन मोजणारा भाग, मागवू नका. नवशिक्याची पहिली चूक हीच असते आणि ती मीही केली आहे: सेन्सर बदलला, पण दोन दिवसांत दिवा पुन्हा लागला, कारण दोष एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनातला धूर गोळा करणाऱ्या नळ्यांच्या) गॅस्केटमध्ये, म्हणजे सांधा हवाबंद ठेवणाऱ्या पट्टीत होता आणि तिथून आत शिरणारी हवा सेन्सरला मिश्रणात पेट्रोल कमी असल्याचे खोटेच भासवत होती.

इंजिन पुरते तापल्यावर गाडीच्या संगणकातली माहिती वाचणाऱ्या स्कॅनरवर पुढच्या, म्हणजे धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधीच्या सेन्सरचे व्होल्टेज पाहावे. साध्या झिर्कोनिया (एक प्रकारचे सिरॅमिक) सेन्सरमध्ये ते ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान सतत वरखाली व्हायला हवे. एकाच आकड्यावर अडकले, तर संशय रास्त आहे. स्कॅनरवर दिसणारा पी०१३५ हा दोषाचा कोड सेन्सर तापवणाऱ्या हीटरच्या सर्किटचा असतो, तेव्हा आधी फ्यूज आणि कनेक्टर तपासावा. ठाण्यात पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून गाडी नेली असेल, तर पिनांवर हिरवट गंज हमखास सापडतो.

सेन्सर काढताना घाई नको. आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल सोडून ठेवावे आणि इंजिन कोमट असताना खाच असलेला २२ मिलिमीटरचा सॉकेट वापरावा. साध्या पान्याने कडा झिजतात. नव्या सेन्सरच्या टोकाला ग्रीसचे बोटही लागू देऊ नये. मागच्या, म्हणजे कन्व्हर्टरच्या नंतरच्या सेन्सरला तूर्त हात लावू नका.