मेंदूत गाठ की गुठळी?

ऐरोलीच्या एका ताईंनी विचारलंय, वडिलांना ब्रेन हॅमरेज होऊन मेंदूतल्या पोकळीत रक्त उतरलंय, डॉक्टर म्हणाले गाठ विरघळवायचं औषध नळीतून देऊ, तर रक्ताची गाठ म्हणायचं की गुठळी, आणि विरघळवणं बरोबर की वितळवणं.

ताई, गुठळीच म्हणा. माझ्या मामांच्या वेळी घणसोलीहून फोन आला, "मेंदूत गाठ सापडलीय", आणि ठाण्याहून वाशी लोकल पकडली तेव्हापासून डोक्यात फक्त कॅन्सर, पोचल्यावर कळलं की रक्त साकळलंय. गाठ म्हटलं की आपल्या माणसाला अंगात वाढलेली मांसाची गाठच आठवते. गुठळी मात्र पातळ पदार्थात होते, पिठलं ढवळायला जरा उशीर झाला की होते ना, तशी. आणि साकळणं हे क्रियापद तर खास रक्ताचंच वाटतं मला, मार लागून काळंनिळं झालं की आजी हेच म्हणायची.

वितळतं ते तूप, मेण, बर्फ, त्याला ऊब लागते. इथे तसलं काही नाही, गुठळी फायब्रिन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांनी धरून ठेवलेली असते, अल्टेप्लेस हे औषध दिलं की रक्तातलंच प्लास्मिन नावाचं विकर जागं होऊन ते धागे तोडतं आणि पातळ झालेलं रक्त नळीतून बाहेर येतं. म्हणून विरघळवणंच.

पण नातेवाइकांना नुसतं "गुठळी विरघळवायचं इंजेक्शन" सांगू नका हो. नस चोंदून स्ट्रोक आला तर हेच औषध साडेचार तासांच्या आत शिरेतून देतात, आणि रक्तस्रावात तसं शिरेतून दिलं तर जिवावर बेतेल, म्हणून तर आधी सीटी काढतात. पोकळीत नळीने देतात ते अगदी थोडं, 2017 च्या क्लिअर थ्री अभ्यासात 500 पेशंट होते, औषधाच्या गटाला दर 8 तासांनी 1 मिलिग्रॅम दिलं. औषध न दिलेल्यांत मृत्यू 29 टक्के होते, दिलेल्यांत 18, पण चालू-फिरू शकणारे 45 चे 48 टक्केच झाले, तेव्हा "गुठळी विरघळली" ऐकून कोणी "बरे झाले" असं समजू नये.

फोनवर एवढंच सांगा: "बाबांच्या मेंदूतल्या पोकळीत रक्त साकळलंय, नळीतून औषध सोडून गुठळी विरघळवतायत."